नॉकआऊट उंदीर नेमकं काय सांगतो, आणि त्याचे कंट्रोल कुठून आणायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही फार्माकॉलॉजीत एम.फार्म. करताय. पॅरासिटामॉलच्या जास्त डोसने यकृताची होणारी हानी हा प्रकल्पाचा विषय आहे, आणि एका संशोधन संस्थेकडून तुम्हाला सिप२ई१ हे जनुक काढून टाकलेले नॉकआऊट उंदीर मिळणार आहेत. साध्या उंदरांवर जे कळत नाही ते यांच्यावर काय कळतं, असं तुम्ही विचारलंय. औषधाच्या सुरक्षिततेबाबत अशा निकालांवर किती विसंबावं, आणि गाईड म्हणतात तसे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे जनुक शाबूत असलेले उंदीर नेहमीच्या पुरवठादाराकडून घेतले तर चालतील का, हेही विचारलंय. जाता जाता ‘चिप आल्या की हे सगळं बंदच होणार ना?’ असाही एक प्रश्न टाकलाय. चिप म्हणजे माणसाच्या पेशी वाढवून केलेली अवयवाची छोटी प्रतिकृती.

कंट्रोलबद्दलचं उत्तर ‘नाही, चालणार नाहीत’ असं आहे. ते का, हे बाकीचं वाचल्याशिवाय पटणार नाही, म्हणून ते शेवटी घेतो. आणखी एक. मराठीत माउस आणि रॅट दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. इथे उंदीर म्हणजे माउस. रॅट असेल तिथे रॅट लिहीन.

या उंदरांचा इतिहास थोडक्यातच सांगतो. १९८२मध्ये पामिटर आणि ब्रिन्स्टर यांच्या गटांनी रॅटचं वाढीच्या संप्रेरकाचं जनुक उंदराच्या फलित अंड्यात सोडलं आणि भावंडांच्या जवळजवळ दुप्पट आकाराचे उंदीर जन्माला आले. एखादं ठरावीक जनुक नेमकं निकामी करण्याची पद्धत बसवल्याबद्दल कापेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७चं नोबेल मिळालं. पुढे जनुक हवं तिथे कापणारं क्रिस्पर तंत्र आलं आणि दोन वर्षांचं काम काही महिन्यांवर आलं. उंदीर बनवणं सोपं झालं, त्याचा अर्थ लावणं मात्र होतं तेवढंच अवघड राहिलं.

आता मुद्द्याचं. साधा उंदीर विष दिल्यावर काय झालं ते सांगतो. नॉकआऊट उंदराला त्यापुढचा एकच प्रश्न विचारता येतो: हे या जनुकामुळे झालं का? याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण फायब्रेट औषधांचं आहे.

रक्तातली चरबी कमी करणारी ही औषधं, फेनोफायब्रेट तर आजही सर्रास लिहून दिलं जातं. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले जनार्दन रेड्डी यांनी १९८०मध्ये मांडलं की, या गटातली रसायनं रॅट आणि उंदरांच्या यकृतातले पेरॉक्सिझोम नावाचे कण भराभर वाढवतात आणि पुढे यकृताचा कॅन्सर करतात. ही रसायनं डीएनएला हात लावत नाहीत, तरी गाठी होतात. मोठाच पेच झाला. लाखो माणसं घेत असलेलं औषध उंदरांत कॅन्सर करतं, मग माणसाचं काय? दहा वर्षांनी पीपीएआर-अल्फा नावाचा रिसेप्टर, म्हणजे ही रसायनं ज्याला चिकटतात ते पेशीतलं प्रथिन, सापडला आणि संशय त्याच्यावर गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत फ्रँक गोन्झालेझ यांच्या गटाने १९९५मध्ये तो रिसेप्टर नसलेला उंदीर तयार केला. १९९७मध्ये त्याला आणि साध्या उंदराला या गटातलं सर्वांत जहाल रसायन अकरा महिने खाद्यातून दिलं. साध्या उंदरांपैकी प्रत्येकाच्या यकृतात गाठी निघाल्या आणि रिसेप्टर नसलेल्यांपैकी एकाच्याही नाही. इतका स्वच्छ निकाल विषशास्त्रात क्वचितच बघायला मिळतो. पुढे उंदराच्या जागी माणसाचा पीपीएआर-अल्फा बसवलेले उंदीर आले. औषधाने त्यांच्या रक्तातली चरबी कमी झाली, पण गाठी फार थोड्यांत झाल्या. म्हणजे रिसेप्टर दोघांनाही आहे, पण माणसाचा रिसेप्टर पेशींना तसा वाढायला लावत नाही.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण डीईएचपीचं पुढे काय झालं ते बघा. डीईएचपी म्हणजे पीव्हीसी मऊ करणारं रसायन, रक्ताच्या पिशव्यांत आणि सलाईनच्या नळ्यांत वर्षानुवर्षं वापरलेलं. तेही याच रिसेप्टरमार्गे जातं, असं धरून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०००मध्ये त्याला संशयितांच्या २बी गटातून काढून वर्गीकरण न करण्याजोग्या तिसऱ्या गटात टाकलं. २००७मध्ये एका जपानी गटाला रिसेप्टर नसलेल्या उंदरांतही डीईएचपीने यकृताच्या गाठी झालेल्या दिसल्या. रिसेप्टरशिवायही वाट होती तर! २०११मध्ये इतर पुराव्यांसह हेही विचारात घेतलं गेलं आणि डीईएचपी परत २बीमध्ये गेलं. ज्या उंदराच्या जोरावर एक रसायन सुटलं, त्याच जातीच्या उंदराने दुसऱ्याला परत पिंजऱ्यात उभं केलं. ‘हे जनुक लागतं’ हे एका रसायनासाठी सिद्ध झालं म्हणून शेजारच्या रसायनासाठीही ते खरं धरायचं नाही, एवढं यातून मी शिकलो.

तुमचा सिप२ई१ उंदीरही गोन्झालेझ यांच्याच गटातून आला. १९९६मध्ये त्यांनी दाखवलं की, साध्या उंदरांना मारणाऱ्या पॅरासिटामॉलच्या डोसवर हे उंदीर तग धरतात. पॅरासिटामॉल स्वतः फारसं काही करत नाही. सिप२ई१ त्याचं एनएपीक्यूआय नावाच्या आक्रमक पदार्थात रूपांतर करतं, तो पदार्थ यकृतातलं ग्लुटाथिओन हे संरक्षक रसायन संपवतो आणि मग पेशींच्या प्रथिनांना चिकटतो. जनुक नाही, तर हा विषारी पदार्थही फारसा तयार होत नाही.

आता नियामक चाचण्या. यंत्रणा उलगडणं वेगळं आणि औषध कंपनीच्या फाईलमध्ये जाणारा निकाल वेगळा. तिथे सगळ्यात जास्त चालतो तो रासएच२ उंदीर. तो जपानमधल्या कावासाकीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट फॉर एक्स्पेरिमेंटल ॲनिमल्समधला. कावासाकी म्हटलं की आपल्याकडे मोटरसायकलच आठवते, पण विषशास्त्रात त्या गावाचं नाव या उंदरांमुळे आहे. माणसाच्या एचरास या कॅन्सरशी संबंधित जनुकाच्या काही प्रती त्याच्या प्रत्येक पेशीत असतात. कॅन्सरकडे जाणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायऱ्या त्याने जन्मतःच चढलेल्या असतात, म्हणून कॅन्सरकारक रसायन दिलं की गाठी लवकर येतात. नेहमीची चाचणी दोन वर्षं चालते आणि प्रत्येक गटात नर-मादी वेगवेगळे पन्नासच्या वर प्राणी लागतात. रासएच२मध्ये २६ आठवडे आणि पंचवीस-पंचवीस. औषधांचे नियम देशोदेशी सारखे करणाऱ्या आयसीएच या संस्थेच्या १९९७च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उंदरातल्या दोन वर्षांच्या चाचणीऐवजी असा पर्याय मान्य केला. २०२२च्या पुरवणीने पुढे जाऊन रॅटची दोन वर्षांची चाचणीसुद्धा प्रत्येक वेळी करायला हवी का, हे आधीच्या सगळ्या पुराव्यावरून ठरवायला परवानगी दिली.

कागदावर वाचताना हे नीटनेटकं वाटतं. ॲनिमल हाऊसमध्ये मात्र तुम्हाला पॉझिटिव्ह कंट्रोल दिसतो. चाचणी खरंच काम करतेय हे दाखवायला काही उंदरांना एमएनयू नावाचं पक्कं कॅन्सरकारक एकदाच टोचतात, प्रतिकिलो ७५ मिलिग्रॅम. ते त्याच दिवशी कालवायचं, दोन-दोन हातमोजे घालायचे, त्या पिंजऱ्यांतला भुसा वेगळ्या पिशवीत आणि ती पिशवी वेगळ्या रजिस्टरवर. काही आठवड्यांतच उंदीर पाठीची कमान करून बसायला लागतात, श्वास जोरात चालतो. छातीतल्या थायमस ग्रंथीतला लिम्फोमा, म्हणजे प्रतिकारपेशींचा कॅन्सर, जागा व्यापत असतो. शवविच्छेदनात पोटाच्या पुढच्या भागात फुलकोबीसारख्या गाठी, पॅपिलोमा. रोज सकाळी त्या पिंजऱ्यांपुढे जाणारा माणूस ‘सहा महिन्यांत चाचणी होते’ हे वाक्य पुन्हा हलकेपणाने उच्चारत नाही. कुठल्या प्राण्याला केव्हा वेदनामुक्त मरण द्यायचं, हे चाचणी सुरू होण्याआधीच लेखी ठरवून ठेवा.

रासएच२मध्ये काहीही न देताच फुप्फुसात ॲडिनोमा नावाच्या साध्या गाठी आणि प्लीहेत रक्तवाहिन्यांच्या गाठी काही उंदरांत येतात. त्यामुळे एकाददुसऱ्या गाठीवर उडी मारणारा विकृतीतज्ज्ञ इथे उपयोगाचा नाही. त्याच काळात त्वचेवर औषध लावून तपासायला टीजीएसी नावाचा उंदीर लोकप्रिय झाला होता. १९९०च्या दशकाच्या शेवटी त्यातले बरेच उंदीर ‘गप्प’ झाले, कॅन्सरकारक लावूनही पॅपिलोमा येईनात. घातलेल्या जनुकाची आतल्या आत फेरजुळणी झाली होती. वरून उंदीर तसाच, पिंजऱ्यावरचं कार्डही तेच. घातलेलं जनुक पिढ्यान्‌पिढ्या जसंच्या तसं राहतं, हे गृहीत धरता येत नाही.

मुटामाउस हा तिसरा प्रकार. सध्या आपल्या औषध उद्योगात त्याला मागणी आहे, कारण नायट्रोसमाइन, म्हणजे औषधात नकळत येणारी कॅन्सरकारक अशुद्धी. २०१८मध्ये वल्सार्टनच्या आणि नंतर रॅनिटिडिनच्या गोळ्यांत हे अंश सापडले तेव्हापासून, शरीरात गेल्यावर हा अंश खरंच उत्परिवर्तन करतो का, हा प्रश्न कंपन्यांना रोज पडतो. मुटामाउसच्या प्रत्येक पेशीत लॅकझेड या जिवाणूच्या जनुकाच्या प्रती जिवाणूंना लागण करणाऱ्या एका विषाणूच्या डीएनएमध्ये गुंडाळून ठेवलेल्या असतात. २८ दिवस औषध द्यायचं, काही दिवस थांबायचं, यकृतातून डीएनए काढून तो विषाणूच्या कवचात भरायचा आणि एका खास ई. कोलाय जिवाणूवर सोडायचा. जनुक शाबूत असेल तर माध्यमातल्या साखरेतून गॅलॅक्टोज सुटतं, या जिवाणूला ते पचत नाही आणि तो विषाणूसकट मरतो. जनुक बिघडलेलं असेल तरच विषाणू वाढतो आणि बशीवर पारदर्शक ठिपका दिसतो. लाखांत मोजके ठिपके. ते मोजत बसणं कंटाळवाणं असतं, पण निकाल गाठीची वाट न बघता येतो. २०११पासून याला ओईसीडीचं मार्गदर्शक आहे.

पोलिओच्या थेंबांची प्रत्येक खेप सुरक्षित आहे का, हे पूर्वी माकडांच्या मज्जारज्जूत टोचून बघत. माणसाचा पोलिओ रिसेप्टर असलेला उंदीर जपानमध्ये तयार झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेने तो माकडांना पर्याय म्हणून मान्य केला. ट्रान्सजेनिक, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेल्या, प्राण्यांमुळे प्राण्यांचा वापर वाढतोच, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. संख्येने वाढतो, हे त्यांचं म्हणणं मात्र खरं आहे.

विसंबावं किती? फियाल्युरिडिन लक्षात ठेवा. हिपॅटायटिस-बीवरचं हे औषध. १९९३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या चाचणीत पंधरा रुग्णांपैकी सातांचं यकृत निकामी झालं, पाच दगावले, दोघे यकृत-प्रत्यारोपणाने वाचले. आधी केलेल्या प्राण्यांवरच्या चाचण्यांत हा धोका दिसला नव्हता. नंतर कळलं की, न्यूक्लिओसाइड, म्हणजे या औषधाच्या जातीचे रेणू, आत नेणारं एक वाहक-प्रथिन माणसाच्या मायटोकाँड्रियावर, पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यांवर, असतं, उंदराच्या नसतं. उंदरात विष त्या कारखान्याच्या आत फारसं जातच नव्हतं. २०१४मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने माणसाच्या यकृतपेशी असलेल्या उंदरांना तेच औषध दिलं आणि यकृत बिघडलेलं दिसलं. त्या उंदराची रचनाही चलाख आहे. त्याच्या यकृतात हर्पिस विषाणूचं एक जनुक असतं, गॅन्सिक्लोव्हिर दिलं की त्याच्या स्वतःच्या यकृतपेशी मरतात आणि रिकाम्या जागेत माणसाच्या पेशी वाढवता येतात. प्रतिकारशक्ती आधीच काढलेली असल्याने तो त्या पेशी नाकारत नाही. पण त्याचमुळे प्रतिकारशक्तीमार्फत होणारी यकृताची हानी त्याच्यात दिसणार नाही. प्रत्येक बदललेला उंदीर एक खिडकी उघडतो आणि दुसरी बंद करतो. कोरोना विषाणू ज्यातून पेशीत शिरतो तो माणसाचा एसीई२ रिसेप्टर असलेले के१८ उंदीर हेही असंच. आयोवा विद्यापीठात सार्ससाठी ते २००७मध्ये केले होते. पुढे मागणीअभावी त्यांचं वीर्य गोठवून ठेवलं होतं आणि २०२०मध्ये कोविडसाठी त्यांच्यावर झुंबड उडाली. लशी आणि अँटिबॉडी तपासायला ते कामी आले. पण त्यांच्यातले बरेच उंदीर मेंदूत विषाणू पसरून मरत होते आणि वॉर्डातले रुग्ण त्याने मरत नव्हते.

चिपबद्दल थोडक्यात. अमेरिकेने २०२२च्या डिसेंबरात कायदा बदलला, आपल्याकडे २०२३च्या मार्चमध्ये नियम बदलले, आणि दोन्हीकडे प्राण्यांशिवायच्या पद्धती औषधाच्या अर्जात ग्राह्य झाल्या. मला त्याचा आनंदच आहे. एका अवयवाचा, आधीच ठाऊक असलेला प्रश्न असेल तर माणसाच्या पेशींची चिप उंदरापेक्षा सरस ठरू शकते. पण फुप्फुसात टाकलेला विषाणू मेंदूत जाऊन बसतो, हे फुप्फुसाच्या चिपवर कधीच दिसलं नसतं. त्यामुळे ‘बंद होणार’ असं नाही, कमी होतील. पीपीएआर-अल्फासारखा प्रश्न मला आज पडला तर मी आधी पेशी घेईन आणि उंदीर शेवटी.

आता तुमचे कंट्रोल.

आपल्याकडे कॉलेजात ‘नेहमीचा पुरवठादार’ म्हणजे बहुतेक वेळा स्विस अल्बिनो हे पांढरे उंदीर. तुमच्या नॉकआऊटचा वंश काय आहे हे संस्थेच्या कागदावर बघा. तो १२९ असेल किंवा ब्लॅक सिक्स असेल, हे प्रयोगशाळेतल्या उंदरांचे दोन वंश. दोन्हींत स्विस अल्बिनो कंट्रोल म्हणून घेतला तर तुम्ही एका जनुकाची नव्हे, हजारो फरकांची तुलना करत असाल. ‘मग ब्लॅक सिक्स विकत घेऊ’ असं म्हणाल, तर त्यातही दोन पोटजाती आहेत, जे आणि एन. १९५१मध्ये त्या वेगळ्या झाल्या. जेमध्ये एनएनटी नावाच्या मायटोकाँड्रियातल्या जनुकाचा मोठा तुकडा गळून गेलाय, एनमध्ये तो शाबूत आहे. पॅरासिटामॉलचं विष मायटोकाँड्रियावरच घाव घालतं. राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या एका गटाने जेएनके२ हे जनुक पॅरासिटामॉलपासून यकृताला वाचवतं, असं २००८मध्ये छापलं होतं. २०११मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की नॉकआऊट एका पोटजातीचे आणि कंट्रोल दुसरीचे होते, फरक त्यामुळे पडला होता. तुमचा आणि त्यांचा विषय एकच आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. त्याच वर्षी आणखी एक धडा मिळाला. सेप्सिसमधून वाचणाऱ्या ज्या उंदरांत कॅस्पेज-१ हे दाहाशी संबंधित जनुक काढलंय असं सगळे समजत होते, त्यांच्यात १२९ वंशाकडून आलेलं बिघडलेलं कॅस्पेज-११ही होतं, आणि ते उंदीर वाचत होते मुख्यतः त्यामुळे.

म्हणून कंट्रोल म्हणजे भावंडं. हेटेरो गुणिले हेटेरो अशी जोडी लावा; हेटेरो म्हणजे जनुकाची एक प्रत शाबूत आणि एक काढलेली. पिल्लांपैकी साधारण पाव नॉकआऊट, पाव साधी, अर्धी हेटेरो. एकाच आईची, एकाच पिंजऱ्यात वाढलेली, एकाच भुशावरची. बारा नॉकआऊट नर हवे असतील तर शंभराच्या आसपास पिल्लं धरून चाला आणि तोच आकडा आयएईसीच्या, म्हणजे संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या, फॉर्म बीमध्ये कारणासकट लिहा. आकडा कमी दाखवून नंतर वाढवून मागितला की समितीला शंका येते, आणि ती रास्तच असते. जनुक बदललेले प्राणी असल्याने संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची नोंदही लागेल, ती गाईडच्या नावाने आधीच टाका.

आणि जीनोटायपिंग, म्हणजे कुठल्या उंदरात जनुक आहे आणि कुठल्यात नाही याची डीएनए तपासणी, दोनदा करा. मी हे पोळून शिकलोय. एका प्रयोगशाळेत असताना नॉकआऊट आणि साध्या उंदरांत काहीच फरक दिसेना. आठवडाभर औषधाच्या द्रावणावर संशय घेतला. शेवटी गोठवलेल्या शेपटीच्या तुकड्यांवर पीसीआर पुन्हा लावला, तर जेलवर ‘नॉकआऊट’ म्हणवणाऱ्या काही उंदरांची साधी पट्टी लख्ख दिसली. कारण इतकं साधं की हसू यावं. कानाला खाच पाडणारा उंदराला आपल्याकडे तोंड करून धरायचा आणि नोंद करणारी पाठीकडून बघायची. डाव्याचा उजवा झाला. पिल्लं चांगली होती, औषध चांगलं होतं, चार महिने मात्र गेले.

बाकी पॅरासिटामॉलच्या दोन खोड्या. ते गार सलाईनमध्ये नीट विरघळत नाही. कोमट करून विरघळवावं लागतं आणि सिरिंजमध्ये थंड झालं की तळाला स्फटिक बसतात. मग पहिल्या उंदराला पूर्ण डोस जातो आणि दहाव्याला अर्धा. याला कंटाळून कुणी डीएमएसओ हे द्रावक सुचवेल. घेऊ नका. डीएमएसओ स्वतःच सिप२ई१ला अडवतं, तुमचे साधे उंदीरही नॉकआऊटसारखे वागतील आणि प्रकल्पच बुडेल.

संस्थेकडे नॉकआऊटची नॉकआऊटशीच जोडी लावून ठेवलेली वसाहत असेल तर भावंडं मिळणार नाहीत. आधी योग्य पोटजातीशी संकर, मग त्यांच्या पिल्लांचा आपसात संकर. गर्भ तीन आठवडे, वयात यायला सात-आठ आठवडे, असं दोनदा. सहा महिने धरा. एम.फार्म.च्या वेळापत्रकात ते बसत नसेल तर त्याच वंशाचे, त्याच पोटजातीचे साधे उंदीर त्याच संस्थेकडून घ्या, तिथेच काही आठवडे एकत्र ठेवा आणि ही मर्यादा प्रबंधात स्वच्छ लिहा. सोबत एक गट साध्या उंदरांचाच ठेवा, ज्यांना पॅरासिटामॉलबरोबर ४-मिथाइलपायराझोल द्याल. ते सिप२ई१ला औषधाने अडवतं. दोन्हीकडे एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, एकाच दिशेने उतरलं तर परीक्षकाने कंट्रोलवर बोट ठेवलं तरी तुमच्या हातात उत्तर असेल. जीनोटायपिंगसाठी घेतलेले शेपटीचे तुकडे मात्र तोंडी परीक्षा होईपर्यंत फ्रीजरमधून काढू नका.